घड्याळ दिवसभर थरथरतं, मग काम कधी हलकं होणार?

स्मार्टवॉचबद्दल आलेल्या पत्रांतून या महिन्यासाठी निवडक प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांची अडचण सारखी आहे: घड्याळ घेतलं, फोनवरचं सगळं त्यावर येऊ दिलं आणि आता एका उपकरणाऐवजी दोन उपकरणं लक्ष खेचतात. दिवसातून किती वेळा फोन खिशातून न काढता काम झालं, त्यावर आमच्या मते घड्याळाची किंमत ठरते. त्यात किती ॲप आहेत हा फार पुढचा प्रश्न. खालची सगळी उत्तरं याच हिशेबानं दिली आहेत.

प्रश्न : कल्याणहून रोज फोर्टला नोकरीला जातो. गॅलेक्सी वॉच घेतलं आहे. सोसायटीचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, सेलच्या जाहिराती, बातम्या, सगळं मनगटावर थरथरतं. वैतागून नोटिफिकेशन बंद केली, तर साहेबांचा फोन चुकला. मधला मार्ग आहे का? — एक वाचक, कल्याण

आहे, पण सुरुवात उलट्या टोकाकडून करा. एकेक ॲप बंद करत बसलात तर महिनाभर तेच चालेल. फोनवरच्या गॅलेक्सी वेअरेबल ॲपमध्ये वॉच सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, मग ॲप नोटिफिकेशन्स उघडा आणि सगळी बटणं बंद करा. आता फक्त चार चालू करा: फोन, मेसेजेस, कॅलेंडर आणि व्हॉट्सॲप. एक आठवडा तसंच चालू द्या. त्या आठवड्यात ज्या ॲपची खरोखर उणीव भासली तेवढंच परत सुरू करा. बँकेचं ॲप बहुतेकांना लागत नाही, कारण पैसे गेल्या-आल्याचा एसएमएस येतोच.

खरी डोकेदुखी व्हॉट्सॲपची. घड्याळाच्या यादीत व्हॉट्सॲप अख्खं चालू किंवा अख्खं बंद, एवढंच करता येतं. ग्रुप आणि वैयक्तिक संदेश वेगळे करायचे तर ते फोनमध्ये करावं लागतं. सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, नोटिफिकेशन्स इथे गेलात की वैयक्तिक संदेश आणि ग्रुप यांचे वेगळे प्रकार दिसतात. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनवर ते दिसत नसतील तर घाबरू नका. ते मुद्दाम लपवलेले आहेत. सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज इथे प्रत्येक ॲपचे नोटिफिकेशनचे प्रकार हाताळण्याचा पर्याय आहे, तो आधी चालू करा. मग ग्रुपचा प्रकार बंद केला की मनगट एकदम शांत होतं.

ऑफिसचा एखादा ग्रुप मात्र हवाच असेल तर हा रस्ता सोडा. त्याऐवजी नको असलेला प्रत्येक ग्रुप उघडून ‘म्यूट, नेहमीसाठी’ करा. म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये कुणी तुमचं नाव घेऊन लिहिलं किंवा तुमच्याच संदेशाला उत्तर दिलं तर ते तरीही कळतं. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरबद्दल सेक्रेटरींनी थेट तुम्हाला विचारलं तर समजेल, बाकीच्या सुप्रभातांचा त्रास होणार नाही.

साहेबांच्या फोनसाठी फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि त्यात स्टार केलेल्या संपर्कांचे कॉल येऊ द्या. घर, साहेब, मुलांची शाळा, एवढ्यांनाच स्टार. त्याच ठिकाणी पुन्हा फोन करणाऱ्यांना परवानगी देण्याचा पर्याय असतो. अँड्रॉइडवर तोच माणूस १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो वाजतो. आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची आहे. हॉस्पिटलमधून किंवा अनोळखी नंबरवरून आलेला खरा निकडीचा फोन यातून सुटत नाही. शेवटचं, घड्याळाचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ फोनशी जोडलेलं ठेवा, नाहीतर फोन गप्प आणि घड्याळ बडबडतंय असं होतं.

ॲपल वॉच असणाऱ्यांनी आयफोनवरच्या वॉच ॲपमध्ये नोटिफिकेशन्स उघडून तळाची यादी पाहावी. तिथे आयफोनवरून घड्याळावर काय काय येतं त्याची बटणं आहेत. ‘कधी येतं, कधी येतच नाही’ अशीही तक्रार आहे. त्यात बिघाड काही नाही. आयफोन उघडा असून तुम्ही तो वापरत असाल तर सूचना फोनवर येते. फोन लॉक असेल आणि घड्याळ हातात, अनलॉक असेल, तरच ती मनगटावर येते.

प्रश्न : दोन हजारांचं ब्लूटूथ कॉलिंगचं घड्याळ आहे. सकाळी नोटिफिकेशन येतात, दुपारनंतर बंद. फोन मात्र घड्याळावर घेता येतो. घड्याळ खराब आहे का? — एक वाचक, मुलुंड

बहुधा नाही. या घड्याळांचे फोनशी दोन वेगळे दुवे असतात. बोलण्याचा आवाज एका ब्लूटूथ जोडणीवरून जातो आणि नोटिफिकेशन, पावलं, हवामान ही माहिती कंपनीच्या ॲपमार्फत दुसऱ्या जोडणीवरून जाते. फोनच्या ब्लूटूथ यादीत म्हणूनच एकाच घड्याळाची दोन नावं दिसतात. तुमची पहिली जोडणी शाबूत आहे. दुसरी तुटते, कारण बॅटरी वाचवण्यासाठी फोन ते ॲप मागच्या मागे बंद करून टाकतो. शाओमी, रिअलमी, ओप्पो, व्हिवो या फोनवर हे फार होतं.

तीन गोष्टी करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्समध्ये जाऊन घड्याळाच्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करा. ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं बटण असेल तर चालू करा. मग अलीकडच्या ॲप्सची यादी उघडून त्या ॲपला कुलूप लावा, म्हणजे ‘सगळं साफ करा’ दाबलं तरी ते जाणार नाही. फोन साफ करायची सवय हेच अनेकदा मूळ कारण असतं.

तरीही येत नसेल तर नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी तपासा. खोक्यावरचा क्यूआर स्कॅन करून ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलं असेल तर अँड्रॉइड १३ पासून पुढे ही परवानगी आपोआप अडवली जाते आणि बटण धूसर दिसतं. ॲप काढून टाका, प्ले स्टोअरमधून घ्या. नव्यानं जोडताना फोनच्या ब्लूटूथ यादीतून घड्याळ आधी जोडू नका. ॲप उघडून ॲपमधूनच जोडा. उलट क्रम केला तर कॉल चालतात आणि बाकी काही चालत नाही.

ओटीपीच्या जागी ‘मजकूर लपवला आहे’ अशा अर्थाचा संदेश दिसत असेल, तर ते अँड्रॉइड १५ पासूनचं संरक्षण आहे. अनोळखी ॲपच्या हाती ओटीपी पडू नये म्हणून ते केलंय. ते उघडायच्या मागे लागू नका, ओटीपी फोनवरच वाचा. मराठी संदेशाच्या जागी नुसते चौकोन दिसणं हा वेगळा प्रकार: घड्याळात देवनागरी अक्षरं भरलेली नाहीत. ॲपमधून घड्याळाचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहा. त्यानं सुटलं नाही तर उपाय नाही, म्हणून विकत घेतानाच दुकानात एक मराठी संदेश पाठवून बघावा.

प्रश्न : मी औषध कंपनीचा एमआर आहे. दिवसात दहा-बारा डॉक्टरांना भेटतो. कुणी कुठलं सॅम्पल मागितलं, पुन्हा कधी बोलावलं, हे संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. बाईकवर आणि जिन्यात टाइप करता येत नाही. घड्याळावर मराठीत नोंद करता येईल का? — एक वाचक, घाटकोपर

घड्याळाचा सगळ्यात चांगला उपयोग ज्यांना होईल त्यांत तुम्ही आहात. मराठी बोललेलं घड्याळानं अचूक लिहून द्यावं, ही अपेक्षा मात्र सध्या बाजूला ठेवा. डॉक्टरांची आडनावं, औषधांची इंग्रजी नावं आणि मराठी क्रियापदं यांची सरमिसळ यंत्राला झेपत नाही, आणि चुकीचं लिहिलेलं नाव संध्याकाळी ओळखता येत नाही. लिहून घेण्याऐवजी आवाज रेकॉर्ड करा.

ॲपल वॉचमध्ये ‘व्हॉइस मेमोज’ आहे. त्याचं चिन्ह घड्याळाच्या मुख्य चेहऱ्यावर बसवा. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, ‘एडिट’ करा, एका कोपऱ्यात व्हॉइस मेमोज निवडा. एका टिचकीत रेकॉर्डिंग सुरू, दुसऱ्या टिचकीत बंद, आणि ते आपोआप फोनवर पोचतं. ॲपल वॉच अल्ट्रा असेल तर बाजूच्या ॲक्शन बटणालाही हे काम देता येतं. गॅलेक्सी वॉचमध्ये व्हॉइस रेकॉर्डर आहे. तो वरच्या बटणाच्या दोनदा दाबण्याला जोडून ठेवा, म्हणजे ॲप शोधत बसावं लागणार नाही. व्हॉट्सॲपचं वेअर ओएसवरचं (गॅलेक्सी वॉचसारखी घड्याळं ज्या गुगलच्या प्रणालीवर चालतात तिच्यावरचं) ॲप जुलै २०२३ मध्ये आलं. त्यातून स्वतःच्याच नंबरला व्हॉइस मेसेज पाठवणं हाही सोपा मार्ग आहे, आणि सगळ्या नोंदी एकाच जागी वेळेसह राहतात. दीड-दोन हजारांच्या घड्याळात माइक असला तरी तो बहुधा फक्त कॉलसाठी असतो. त्यांवर हे जमत नाही.

नोंदीचा साचा ठरवून घ्या, नाहीतर मिनिटभर बोलाल आणि रात्री ऐकायचा कंटाळा येईल. चार गोष्टी, याच क्रमानं: डॉक्टरांचं नाव, काय मागितलं, आपण काय कबूल केलं, पुढची तारीख. ‘डॉक्टर जोशी, अंधेरी. सिरपची दोन सॅम्पल. किमतीचा कागद पाठवतो म्हटलं. पुढचा गुरुवार, दुपारी दोननंतर.’ वीस सेकंदांत होतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर, जिन्यातच करा. बाईकला किल्ली लावल्यानंतर नाही. आणि रेकॉर्ड करायचं ते स्वतःचं बोलणं. डॉक्टरांशी चाललेलं संभाषण त्यांना न सांगता रेकॉर्ड करू नका.

संध्याकाळी निवांत बसायला मिळालं की हेडफोन लावून सगळ्या नोंदी ऐका आणि तारखेच्या गोष्टी कॅलेंडरमध्ये टाका. या पायरीला फाटा दिला की आठवड्याभरात साठ-सत्तर नोंदी साठतात आणि पद्धत मोडते. टाकताना भेटीच्या १० मिनिटं आधीचा इशारा ठेवू नका. मुंबईत तो इशारा म्हणजे उशीर झाल्याची बातमी असते. दोन इशारे लावा: एक निघायच्या वेळेचा, म्हणजे घाटकोपरहून बीकेसीला ११ ची भेट असेल तर तुमच्या अनुभवानं लागतात तेवढी मिनिटं अधिक १५, आणि दुसरा भेटीच्या ५ मिनिटं आधी, फोन गप्प करायची आठवण म्हणून.

कामांच्या यादीसाठी टुडूइस्ट आणि टिकटिक ही दोन्ही ॲप ॲपल वॉचवर आणि वेअर ओएसवर चालतात. घड्याळावर फक्त ‘आज’ची यादी ठेवा. पन्नास कामांची यादी एवढ्याशा काचेवर सरकवत बसण्यापेक्षा फोन काढणं बरं.

प्रश्न : विरारहून बसायला मिळतं, झोप लागते आणि दादर निघून जातं. स्टेशन आलं की घड्याळ उठवेल असं ॲप सांगा. — एक वाचक, विरार

दादरला उठवणारं ॲप तुमच्या उपयोगाचं नाही, कारण दादरला उठून दादरला उतरता येत नाही. दारापर्यंत पोचायला वांद्र्याच्या आधीच उभं राहावं लागतं. इशारा त्या हिशेबानं लावा.

साधा अलार्म सगळ्यात भरवशाचा. एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या ॲपवर तुमची गाडी उघडा, तिची अंधेरीची वेळ पाहा आणि तीच वेळ घड्याळाच्या अलार्मला द्या. गाडी वेळेवर असेल तर दोन स्टेशनं हाताशी राहतात. उशिरा धावत असेल तर तुम्ही थोडे लवकर उठाल, पण दादर चुकणार नाही. टायमर लावायचा तर गाडी हलल्यावर लावा, प्लॅटफॉर्मवर नाही.

जागेवरून चालणारा इशाराही आहे. आयफोनच्या रिमाइंडर्समध्ये ‘पोचल्यावर’ असं ठिकाण देता येतं आणि तो इशारा घड्याळावर येतो. ठिकाण दादर देऊ नका, अंधेरी द्या, आणि नकाशावरचं वर्तुळ ओढून मोठं करा. फोन बॅटरी वाचवण्यासाठी जागा सतत तपासत नाही, त्यामुळे जलद गाडीत लहान वर्तुळ कळेपर्यंत ओलांडलेलं असतं. भुयारी मेट्रो ३ वर तर जीपीएस पोचतच नाही. तिथे असल्या इशाऱ्यावर विसंबूच नका.

थरथर जाणवत नाही असं लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण पट्टा सैल ठेवतात. गाडीच्या हादऱ्यांत सैल घड्याळाची थरथर विरते. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, पट्टा घट्ट पण रुतणार नाही असा बांधा. ॲपल वॉचमध्ये साउंड्स अँड हॅप्टिक्स इथे ‘प्रॉमिनंट’ निवडा, गॅलेक्सी वॉचमध्ये व्हायब्रेशन जोरात करा.

उभ्यानं प्रवास करणाऱ्यांसाठीही इथेच सांगतो. एक हात कडीला असताना काच दाबता येत नाही. ॲपल वॉच सिरीज ९, अल्ट्रा २ आणि त्यापुढच्या घड्याळांत अंगठा आणि तर्जनी दोनदा टेकवली की अलार्म पुढे ढकलता येतो, टायमर थांबतो, फोन उचलता येतो. त्याआधीच्या काही घड्याळांत ॲक्सेसिबिलिटीमधल्या असिस्टिव्ह टचनं असंच काही साधतं. नको असलेला कॉल आला तर ॲपल वॉचच्या काचेवर तळहात झाकला की आवाज बंद होतो.

प्रश्न : पहाटे साडेचारला उठायचं असतं. एकाच खोलीत बाळ झोपतं. — एक वाचक, डोंबिवली

अलार्म घड्याळातल्याच अलार्म ॲपमध्ये लावा, फोनमध्ये नाही. फोनमधला लावला तर फोनही वाजेल. ॲपल वॉच सायलेंट मोडमध्ये ठेवून हातात घालून झोपलात की फक्त मनगटाला टिचक्या बसतात. चार्जरवर ठेवलंत तर मात्र तेच घड्याळ आवाज करून उठवतं. बाळ दचकून उठतं ते बहुधा याचमुळे. म्हणून चार्जिंग रात्रीच्या जेवणाच्या वेळी उरका. सॅमसंगमध्ये अलार्मसाठी फक्त व्हायब्रेशन निवडता येतं. साध्या घड्याळांची थरथर काही सेकंदांत थांबते, त्यांत ४:३० आणि ४:३३ असे दोन अलार्म लावा.

प्रश्न : घरून पंचवीस डबे देते. कुकर, दुसऱ्या शेगडीवर भाजी, भिजवलेली कणीक, सगळ्यांच्या वेळा डोक्यात ठेवाव्या लागतात. मुलानं ॲपल वॉच दिलं आहे. स्वयंपाकात वापरू का? — एक वाचक, गिरगाव

ताई, जरूर वापरा, पण हातावर बांधून कणीक मळू नका. अन्न हाताळताना हातात घड्याळ-दागिने नसावेत, आणि डब्यांच्या धंद्यात हे पथ्य पाळायलाच हवं. मळताना घड्याळ काढून फळीवर ठेवा, सायलेंट मोड बंद करा. हातातून काढल्यावर फोनच्या सूचना घड्याळावर येत नाहीत, टायमर मात्र वाजतो.

ॲपल वॉचवर एका वेळी अनेक टायमर चालतात आणि प्रत्येकाला नाव देता येतं. सिरीला इंग्रजीत, छोट्या वाक्यात सांगा: ‘डाळ’साठी दहा मिनिटं, ‘कणीक’साठी वीस मिनिटं. नाव दिलं नाही तर वाजल्यावर कशाचा वाजला हेच कळत नाही, आणि तीन शेगड्यांच्या घाईत तेवढ्यानं गोंधळ होतो. शिट्ट्या मोजणं घड्याळाला जमत नाही. म्हणून मोजायची पद्धत बदला: पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि तिथून टायमर लावा. किती मिनिटं, हे तुमच्या कुकरचं आणि डाळीचं एकदा बसवून घ्या. मग रोज शिट्ट्या ऐकत उभं राहायला नको. वाफ निवायची दहा मिनिटंही टायमरलाच द्या, म्हणजे झाकण घाईनं उघडलं जाणार नाही.

घड्याळ वाफेपासून लांब ठेवा. पाण्यापासूनचं संरक्षण वाफेला लागू होत नाही. बाजूच्या फिरत्या बटणात पीठ बसलं आणि ते अडकायला लागलं, तर घड्याळ बंद करून, पट्टा काढून, ते बटण कोमट साध्या पाण्याच्या बारीक धारेखाली १०-१५ सेकंद धरा आणि फिरवत राहा. साबण लावू नका. पट्टा सिलिकॉनचाच ठेवा. कापडी पट्ट्यात तेल-हळद मुरते ती निघत नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. अभ्यासिकेत पोमोडोरोचं कुठलं ॲप चांगलं? — एक वाचक, दादर

ॲपची गरज नाही. ही पद्धत फ्रान्सेस्को सिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी काढली ती स्वयंपाकघरातल्या साध्या टायमरवर: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. घड्याळाचा टायमर थरथरतो, शेजाऱ्याला त्रास होत नाही, हा त्याचा खरा फायदा. फोन बॅगेत, बॅग खुर्चीखाली. फोन टेबलावर ठेवून घड्याळावर वेळ लावणं म्हणजे मेहनत फुकट. वर्णनात्मक उत्तरं लिहिताना २५ मिनिटं तोकडी पडतात, तिथे ५० आणि १० लावा. ॲपल वॉचची उभं राहण्याची आठवण दर तासाला १० मिनिटं उरली असताना येते आणि लय मोडते. वॉच ॲपमध्ये ॲक्टिव्हिटीत ती बंद होते.

परीक्षा केंद्रात स्मार्टवॉच चालत नाही. म्हणून सराव परीक्षा आतापासूनच त्याशिवाय, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून द्या.

प्रश्न : नवीन घ्यायचं आहे. दोन हजार आणि तीस हजार यांत कामाच्या दृष्टीनं फरक काय? — एक वाचक, बोरिवली

दोन हजारांत फोन आला कळतं, संदेशाच्या पहिल्या ओळी वाचता येतात, अलार्म, टायमर आणि पावलं मिळतात. बॅटरी बरेच दिवस टिकते, कॉल घड्याळावरूनच घेत राहिलात तर मात्र लवकर उतरते. नवीन ॲप त्यात टाकता येत नाहीत आणि संदेशाला धड उत्तर देता येत नाही. फक्त ‘महत्त्वाचा फोन चुकू नये’ एवढंच हवं असेल तर हे पुरेसं आहे, जास्त खर्च करू नका.

बोलून नोंद, कामांची यादी, कॅलेंडर, उत्तर देणं हवं असेल तर वेअर ओएस किंवा ॲपल वॉच घ्यावं लागतं, आणि रोज चार्जिंग आलंच. ॲपल वॉच फक्त आयफोनशी जोडलं जातं. गॅलेक्सी वॉच ४ पासून पुढची घड्याळं फक्त अँड्रॉइडशी. घरातल्या कुणाचा फोन कुठला आहे हे न पाहता भेट देणारे फसतात ते इथेच. ‘ब्लूटूथ कॉलिंग’ म्हणजे घड्याळात सिम नव्हे. फोन जवळ, साधारण १० मीटरच्या आत असावा लागतो, आणि गर्दीत माणसांच्या अंगाआड तो टप्पा आणखी कमी होतो. रक्तातली साखर सुई न टोचता मोजतो असं सांगणारं घड्याळ कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. असल्या उपकरणांपासून सावध राहा, असं अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे.

प्रश्न : पावसात आपोआप फोन लागतात, आवाजही घुसमटतो. — एक वाचक, परळ

काचेवरचे थेंब स्पर्शासारखे वाचले जातात. स्टेशनबाहेर पडण्याआधी वॉटर लॉक लावा. ॲपल वॉचमध्ये बाजूचं बटण दाबल्यावर येणाऱ्या पॅनेलमध्ये थेंबाचं चिन्ह असतं, सॅमसंगमध्येही वरून खाली ओढलेल्या पॅनेलमध्ये तेच. घरी पोचल्यावर ॲपल वॉचचं फिरतं बटण दाबून धरलं की स्पीकरमधलं पाणी आवाज करून बाहेर फेकलं जातं. आवाज घुसमटतो तो या पाण्यामुळेच. हेअर ड्रायर लावू नका.

खोक्यावर आयपी६७ (पाणी-धुळीपासूनच्या बचावाचा दर्जा) असेल तर ती चाचणी स्थिर, साध्या पाण्यात १ मीटर खोलीवर अर्धा तास अशी असते. पाऊस चालेल, जुहूच्या समुद्राचं खारं पाणी नाही. खारट पाणी लागलंच तर लगेच साध्या पाण्यानं धुऊन पुसा. जून ते सप्टेंबर चामड्याचा पट्टा कपाटात ठेवा, त्यावर बुरशी येते. पट्ट्याखाली लाल चट्टे उठत असतील तर रोज रात्री पट्टा धुऊन, पूर्ण वाळवून मगच बांधा.

प्रश्न : लोकलच्या पासचा फोटो घड्याळावर ठेवला तर टीसीला चालेल का? — एक वाचक, ठाणे

नाही. रेल्वेच्या मोबाइल ॲपवरचं तिकीट किंवा पास त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये उघडून दाखवावा लागतो. फोटो किंवा स्क्रीनशॉट ग्राह्य धरत नाहीत, मग तो फोनवर असो की घड्याळावर. फोनची बॅटरी संपली आणि तिकीट दाखवता आलं नाही, तर ते विनातिकीटच धरलं जातं. घड्याळावर पासचा फोटो ठेवण्यापेक्षा पास संपण्याच्या तीन दिवस आधीची कॅलेंडर सूचना ठेवा, सकाळी घरून निघायच्या वेळेची.